काळ्या मातीत न फुटलेला दारूगोळा शोधणे : यंत्र गप्प राहिलं म्हणजे जमीन मोकळी का?

खंदककाठ (धागाकर्ता)

उन्हाळा तापला की आपल्याकडे तळ्यांतला, बंधाऱ्यांतला गाळ काढायची कामं निघतात. जेसीबीनं उपसा, टिपरनं वाहतूक, आणि तो गाळ थेट कुणाच्या तरी रानात. या गाळात जुना लोखंडी गोळा निघाला तर काय करायचं, याची एक पानी सूचना चालक, शेतकरी आणि भंगार दुकानदारांसाठी करायची आहे. सोलापूरचा भुईकोट मे १८१८ मध्ये ब्रिटिश सेनापती मन्रोच्या फौजेनं वेढा घालून, तोफांचा मारा करून घेतला, त्यामुळे इथल्या मातीत गोळे असणं अशक्य नाही. लष्करी सरावाचे तुकडे भंगाराच्या वाटेनं फिरत येतात ते वेगळंच.

तीन प्रश्न आहेत. काळ्या मातीत शोधयंत्रं नीट चालतात का? गोळा भरीव की पोकळ हे बाहेरून कळतं का? आणि स्फोटकं मातीत मुरली तर विहिरीचं काय होतं?

माझं मत असं की आपल्या मातीवर नुसतं यंत्र फिरवून 'काही आढळले नाही' असं लिहून दिलेला कागद पुरेसा मानू नये. जाणकारांनी खोडून काढावं किंवा भर घालावी.

ताणाबाणा

चांगला विषय. आधी यंत्रांची ओळख.

मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडामुळे पडलेला फरक मोजतो. आपल्याकडे हे क्षेत्र साधारण ४२-४३ हजार नॅनोटेस्लाचं (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक एकक). ८१ मिमीचा उखळी तोफेचा गोळा मीटरभर खोल असेल तर त्यातला फरक मोजक्या नॅनोटेस्लांचा. शिवाय ही खूण, म्हणजे यंत्रावर दिसणारा फरक, अंतराच्या घनानं घटते, म्हणजे खोली दुप्पट झाली की ती आठव्या हिश्श्यावर येते. पितळ, ॲल्युमिनियम याला दिसतच नाही.

दुसरा प्रकार विद्युतचुंबकीय. कॉईलमधून झटका द्यायचा, तो थांबल्यावर धातूत उरलेले भोवरी प्रवाह कसे विरतात ते मोजायचं. याला कुठलाही धातू दिसतो, पण आवाका कमी. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचा ठोकताळा आहे : वस्तूच्या व्यासाच्या ११ पट खोलीपर्यंत. ३७ मिमीचा गोळा ४० सेंमीपर्यंत, ६० मिमीचा ६६ सेंमी, ८१ मिमीचा ८९ सेंमी, १०५ मिमीचा सव्वा मीटरच्या आत. जमीन शांत असेल तरच हे आकडे धरायचे.

यंत्र फिरवायचे पट्टे अर्धा मीटर अंतरानं मारायचे, आणि निदान काही भागात तरी आडवेही मारायचे. चादरीत ताणा आणि बाणा दोन्ही लागतात तसं. एकाच दिशेनं मारलं की दोन पट्ट्यांमधलं बारीक काही निसटतं.

भेगाळ_रान

वरचं सगळं बरोबर, पण ही जमीन शांत नाही.

खाली दख्खनचा बसाल्ट आहे. त्यात टायटॅनोमॅग्नेटाईट हे चुंबकीय खनिज असतं, आणि खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत ते उतरतं. मुरमातला डोक्याएवढा काळा धोंडा मॅग्नेटोमीटरवर लोखंडासारखी खूण देतो. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठली आहे, त्यामुळे काही धोंड्यांची खूण उलटी येते. अशा रानात एकरी शेकडो खुणा मिळतात आणि खोदायचं कुठं हेच ठरत नाही.

झटक्याच्या यंत्रालाही हीच माती नडते. बारीक चुंबकीय कण झटक्यानंतर सावकाश शांत होतात, त्यांची घट वेळेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि ती धातूच्या खुणेवर बसते. कॉईल जमिनीपासून कायम एकाच उंचीवर राहिली तर हा भाग वजा करता येतो. पण ढेकळांवर, भेगांवर कॉईलचा गाडा पाच सेंमी जरी वरखाली झाला तरी खोटी खूण उमटते.

म्हणून सर्वेक्षणाचा हंगाम महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये रान तडकलेलं असतं, पावसाळ्यात चाकं रुततात. पाऊस संपून वापसा आला की भेगा मिटलेल्या असतात आणि जमीन चाक पेलते, ती वेळ सगळ्यात चांगली. पेरणीच्या आधी जे काय दिवस मिळतील तेवढेच. ज्वारी काढल्यानंतर जायचं तर धसकटं आधी छाटून घ्यावी लागतात. उसाच्या फडात तोडणीआधी काहीच होत नाही.

सीनाकाठ

जमिनीत रडार सोडायचं की. खालचं चित्रच दिसतं म्हणतात.

भेगाळ_रान

@सीनाकाठ, वाळूत दिसतं. काळी माती म्हणजे फुगणारी चिकणमाती, विद्युतवाहकता जास्त. ओली असेल तर रडारची लहर अर्ध्या मीटरच्या आतच विरते. कोरडी असेल तर प्रत्येक भेग आणि प्रत्येक चुनखडीचा खडा परत लहर पाठवतो. उघड्या मुरमावर किंवा फरसबंदीखाली पाहायला रडार ठीक, काळ्या रानात त्यावर भिस्त ठेवू नका.

उत्तरदक्षिण

मॅग्नेटोमीटरबद्दल एक भर, कारण युरोपातली माहितीपुस्तकं वाचून इथं हमखास चूक होते. उत्तर जर्मनीत चुंबकीय कल (क्षेत्राच्या रेषा जमिनीकडं झुकतात तो कोन) ६५ अंशांच्या वर आहे, त्यामुळे खुणेचं शिखर जवळजवळ वस्तूच्या डोक्यावर येतं. सोलापूरला कल २२ ते २४ अंशांच्या आसपास. इथं एकाच वस्तूच्या दोन खुणा उमटतात, दक्षिणेला उंचवटा आणि उत्तरेला खळगा, आणि वस्तू त्या दोहोंच्या मध्ये असते. शिखरावर खुंटी ठोकून खोदलं तर खड्डा रिकामा निघतो, 'खोटी खूण' म्हणून नोंद होते, आणि वस्तू हात-दीड हात उत्तरेला तशीच राहते.

वस्तूचं स्वतःचं चुंबकत्व वेगळ्या दिशेला असेल तर हे चित्र फिरतं. म्हणून नुसत्या डोळ्यांनी न ठरवता नकाशावर द्विध्रुवाचं, म्हणजे उंचवटा-खळग्याच्या जोडीचं, गणित बसवून जागा काढायची.

ताणाबाणा

@उत्तरदक्षिण, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. एक सुचवतो : दोन संवेदक उभ्या दांड्यावर अर्धा ते एक मीटर अंतरानं लावून त्यांतला फरकच मोजला, तर दिवसभरातला पृथ्वीच्या क्षेत्राचा चढउतार आणि खोल खडकाची संथ लाट दोन्ही वजा होतात. आपल्याकडे असा ग्रेडिओमीटरच वापरावा.

भेगाळ_रान

खोल खडकासाठी मान्य. वरच्या थरातल्या धोंड्यांसाठी नाही, त्यांची लाट संथ नसतेच. शिवाय ग्रेडिओमीटरची खूण अंतराच्या चौथ्या घातानं घटते. खोली दुप्पट केली की सोळावा हिस्सा. खोलातला गोळा हरवायचा तो तसाही हरवतो. माझं मत : मीटरभराच्या आतल्यासाठी झटक्याचं यंत्र मुख्य, मॅग्नेटोमीटर जोडीला. तीन दिशांच्या कॉईलची नवी यंत्रं असतील तर उत्तम. गोळा लांबट आणि गोल छेदाचा असतो, त्यामुळे त्याचा एका अक्षातला प्रतिसाद मोठा आणि उरलेले दोन लहान व सारखे येतात. नांगराच्या फाळाचे तिन्ही वेगवेगळे येतात. अशी छाननी केली की कितीतरी खड्डे वाचतात.

ताणाबाणा

धोंड्यांच्या रानासाठी तुमचंच खरं. गाळाचा थर जाड असेल आणि खाली मुरूम दूर असेल तिथं मात्र मी ग्रेडिओमीटरच घेईन.

हुटगी_नाका

लई भारी माहिती मिळायली ओ. ऑनलाईन पाच-सहा हजाराला मेटल डिटेक्टर मिळतंय, त्यानं चालतंय का?

खुंटी_आणि_दोरी

नाही. नाणी शोधायच्या छोट्या तबकडीचा आवाका वीतभर, फार तर हातभर. खनिज मातीत तो सारखा वाजतो, मग माणूस संवेदनशीलता कमी करतो, आणि यंत्र गप्प होतं. ही शांतता सगळ्यात धोक्याची. शिवाय ज्याच्या हातात असं यंत्र असतं तो वाजलं की खोदतो. किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे.

आता यंत्रावर विश्वास ठेवायचा कसा, ते सांगते. धागाकर्त्याचा मूळ मुद्दा तोच आहे.

काम सुरू करायच्या आधी त्याच रानात, त्याच मातीत, एक चाचणी-पट्टा आखायचा. आधी तो पट्टा रिकामा असल्याची खात्री करायची. मग त्यात ओळखीच्या वस्तू पुरायच्या. गोळे मिळवायची गरज नाही. नळाच्या दुकानातले पोलादी निपल (नळ जोडायचे आखूड तुकडे) चालतात : १ इंची व ४ इंच लांब, २ इंची व ८ इंच लांब, ४ इंची व १२ इंच लांब. लहान, मध्यम, मोठा दारूगोळा यांच्या जागी हे वापरायची जगभर रीत आहे. प्रत्येकाची खोली आणि आडवा-उभा कसा ठेवला ते वहीत लिहायचं. रोज सकाळी काम सुरू करताना आणि संध्याकाळी संपवताना यंत्र या पट्ट्यावरून न्यायचं. खूण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर त्या दिवसाचं काम धरायचं नाही.

दुसरं, यंत्र चालवणाऱ्याला न सांगता प्रत्यक्ष रानातही काही निपल पुरायचे. जागा फक्त तपासणाऱ्याला माहीत. त्यातला एक जरी सुटला तरी तो तुकडा पुन्हा करायचा, आणि का सुटला ते शोधायचं. पट्टा चुकला, बॅटरी उतरली, गाडा उडाला, की वरून गेलेल्या विजेच्या तारेचा ५० हर्ट्झचा गोंगाट आला.

शेवटच्या कागदावर 'जमीन सुरक्षित' असं लिहू नये. 'इतक्या आकाराची वस्तू, इतक्या खोलीपर्यंत, या मातीत, या यंत्राला सापडते, आणि त्या खोलीपर्यंत पाहिले' असं लिहावं. नंतर कुणाला बोअर घ्यायची असेल तर त्याला कळतं की खाली पाहिलेलं नाही.

माळावरची_संध्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). इतकं नेमकं मराठीत पहिल्यांदाच वाचतेय.

बुरूजावरून

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. भरीव की पोकळ, हे बाहेरून ठरवायच्या फंदात पडू नये.

जुना भरीव गोळा निव्वळ बिडाचा. १० सेंमी व्यासाचा असेल तर वजन पावणेचार किलोच्या आसपास भरतं. ही आकडेमोड ठाऊक असलेला माणूस गोळा उचलून तराजूवर ठेवतो, आणि हीच चूक. पोकळ गोळ्याला वातीचं भोक असतं, पण दोनशे वर्षांच्या गंजाखाली आणि मातीच्या पुटाखाली ते दिसत नाही. पाहायला म्हणून कुणी तारेचा ब्रश मारतं, कुणी ग्राइंडर लावतं. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली यादवी युद्धातला गोळा साफ करताना एक जाणता संग्राहक असाच मृत्यू पावला. गोळा १४० वर्षांहून जुना होता.

'गंजला म्हणजे मेला' हा समज काढून टाकला पाहिजे. गंज बाहेरच्या कवचाला लागतो, आतल्या दारूला नाही. तोंड बंद असेल तर पाणी आत पोचत नाही. दारू भिजली असेल तरी वाळल्यावर ती पुन्हा पेट घेते. तळ्यातून काढलेला गोळा बांधावर उन्हात ठेवणं म्हणजे तो वाळवणं. नव्या गोळ्यांचं आणखी अवघड, त्यांची कळ अर्धवट सुटून अडकलेली असू शकते आणि नुसत्या हलवण्यानं उरलेलं काम पुरं होतं.

हुटगी_नाका

मग बादलीभर पाण्यात टाकून ठेवलं तर?

बुरूजावरून

ठेवायचं म्हटलं की उचलावं लागतं, दादा. पाणी नाही, वाळूची पोती नाहीत, वर घमेलं पालथं घालणं नाही. जिथं दिसलं तिथंच राहू द्यायचं. मशीन बंद करून चालकानं आल्या वाटेनं मागं जायचं, लोकांना भिंतीच्या किंवा बांधाच्या आडोशाला लांब न्यायचं, आणि लांब गेल्यावरच ११२ ला फोन करायचा. पुढचं अंतर बॉम्बशोधक व नाशक पथक ठरवेल, लष्करी वस्तू असेल तर ते लष्कराला बोलावतील. फोटो काढायचाच तर होता त्या जागेवरून, झूम करून. जवळ जाऊन नाही.

टिपर_वजनकाटा

गाळाबाबत एक व्यवहाराची गोष्ट. तळ्यात एक गोळा दिसला तोवर पन्नास टिपर रवाना झालेले असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंद ठेवावी : टिपर नंबर, तळ्याच्या कोणत्या भागातला गाळ, कोणत्या गटात ओतला. काही सापडलंच तर त्या भागाचा गाळ गेलेली शेतं लगेच कळतात. त्या रानांत नांगर लावायच्या आधी गाळ १५-२० सेंमी जाडीत पसरलेला असेल तर कॉईलला तो सहज आवाक्यात येतो. ढीग तसाच असेल तर यंत्र निरुपयोगी. पसरवायचा निर्णयही पथकाला विचारूनच.

प्रशिक्षित पथकंसुद्धा खुणेपासून ३० सेंमी अंतर राहिलं की यंत्राची खोदाई थांबवतात आणि पुढं हातानं, बाजूनं उकरतात. जेसीबीच्या बादलीला तेवढं भान नसतं.

भंगारवाल्यांसाठी : गोळ्याच्या बुडाशी तांब्याची पट्टी असते, तिच्या लोभानं छिन्नी लावली जाते. मागं पंख असलेला, टोकाला पितळी टोपी असलेला, किंवा दोन्ही बाजूंनी बंद नळकांड्यासारखा कुठलाही तुकडा गॅस कटरला लावू नये. गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात २००४ साली आयात भंगारातून आलेल्या जिवंत गोळ्यांचा स्फोट होऊन दहा कामगार गेले. त्यानंतर आयात भंगाराला जहाजावर चढवण्याआधीच्या तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. गावातल्या गावात फिरणाऱ्या भंगाराला असा दाखला नाही, म्हणून हे पान त्यांच्या दुकानात लागलंच पाहिजे.

आडातलं_पाणी

तिसरा प्रश्न पाण्याचा. लोक पाण्याची साधी तपासणी करतात आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं की स्फोटकांवर बोट ठेवतात. शेती भागातल्या विहिरींत खतांमुळे आणि गोठ्यांमुळे नायट्रेट आधीच असतं. त्यावरून काही ठरत नाही. शोधायचं ते टीएनटी, आरडीएक्स ही स्फोटकं आणि परक्लोरेट हा दारूगोळ्यातला क्षार. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पहिल्या दोघांना मर्यादाच दिलेली नाही, त्यामुळे नेहमीच्या अहवालात ती येत नाहीत, नाव लिहून मागावी लागतात. तुलनेसाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेचा आयुष्यभर पिण्यासाठीचा सल्ला टीएनटी व आरडीएक्स दोन्हींना लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे.

दोघांचं वागणं वेगळं. टीएनटी पाण्यात जास्त विरघळतं, पण मातीत त्याचं रूपांतर होतं आणि ते रूप चिकणमातीला आणि सेंद्रिय अंशाला धरून बसतं. आरडीएक्स कमी विरघळतं, पण मातीला धरत नाही, म्हणून तेच भूजलापर्यंत लांब जातं. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या लष्करी सराव क्षेत्राखाली आरडीएक्स आणि परक्लोरेट पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात उतरलं आणि १९९७ साली तिथला जिवंत दारूगोळ्याचा सराव थांबवावा लागला.

आता दिलासा आणि काळजी दोन्ही. १८१८ चे गोळे काळ्या बंदुकीच्या दारूचे, त्यात टीएनटी-आरडीएक्स नाही. किल्ल्याच्या आसपास विहिरीची भीती नको. सराव क्षेत्राजवळच्या किंवा जिथं गोळे जागेवर उडवून नष्ट केलेत अशा रानात मात्र तपासणी हवीच.

भेगाळ_रान

@आडातलं_पाणी, काळी माती चिकण आहे म्हणून ती सगळं अडवेल असं कुणी समजेल, म्हणून लिहितो. पहिला वळीव भेगांतून सरळ खाली मुरमात जातो, मातीच्या अंगाला लागतच नाही. भेगा मिटल्यावर मग ती घट्ट होते. वरचे स्फोटकांचे कणही त्याच भेगांत पडतात. बारीक वस्तूंचंही तेच, वर सापडलेला तुकडा चार पावसाळ्यांनी वेगळ्या खोलीवर असतो. त्यामुळे जुना सर्वेक्षण-नकाशा कायमचा धरू नये.

आडातलं_पाणी

अगदी. नमुने घ्यायची पद्धतही त्यामुळे बदलते. स्फोटकांचे कण मातीत सारखे पसरलेले नसतात, चिमूटभर इथं, पुढं काहीच नाही. एका जागची ओंजळ घेऊन पाठवली तर उत्तर नशिबावर. ठरवलेल्या तुकड्यात सारख्या अंतरानं ३० ते १०० ठिकाणचे छोटे अंश, वरच्या २.५ ते ५ सेंमीतले, एकत्र करून साधारण किलोभर एक नमुना करायचा. असे तीन स्वतंत्र नमुने. भेगा असतील तर भेगांच्या तळाचा चौथा, वेगळा ठेवायचा. माती सावलीत, खोलीच्या तापमानाला वाळवायची. आपल्या उन्हात पसरली तर टीएनटी प्रकाशानंच बदलतं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. ढेकळं फोडून २ मिमीच्या चाळणीतून काढायची, मग सगळं दळून घ्यायचं. दळताना भांडं तापू द्यायचं नाही.

विहिरीचं पाणी तपकिरी काचेच्या लिटरभराच्या बाटल्यांत, ४ अंशांवर, आणि प्रयोगशाळेत सात दिवसांच्या आत अर्क निघेल असं. पहिला नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर, दुसरा उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर.

आणखी एक. आरडीएक्स अनेक झाडांत मुळातून पानांत चढतं, टीएनटी मुळाशीच राहतं. म्हणून दूषित रानातली फक्त कणसं तपासून भागत नाही, कडबाही तपासावा. जनावरं तोच खातात.

माळावरची_संध्या

अवांतर नाही असं समजून विचारते : गोळा जागेवर उडवला की विषय संपला ना? आणि माळाचं काय? नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, तसल्या गवताळ रानात हे काम निघालं तर?

खुंटी_आणि_दोरी

ताई, नीट पूर्ण स्फोट झाला तर जवळजवळ सगळं स्फोटक जळतं, उरतं ते फार थोडं. पण अर्धवट स्फोट झाला तर पांढरे-पिवळसर खडे चहूकडे विखुरतात. मातीचं खरं प्रदूषण तिथून येतं. म्हणून स्फोटानंतर पथकानं खड्डा आणि भोवतालचा घेर पायी पाहायचा, दिसलेले खडे-तुकडे त्यांनीच गोळा करायचे, खड्ड्याची माती तपासायची आणि मग भरायचा. तपासणीआधी खड्डा बुजवला तर दूषित माती तळाशी जाते, विहिरीच्या अधिक जवळ.

गवताचं काम वेगळ्या काळजीचं. यंत्राला वाट हवी म्हणून गवत पेटवून देऊ नये. आगीनं पुरलेली वस्तू तापते आणि मुळं गेली की पहिल्याच पावसात वरची माती वाहते. गुडघ्याखाली छाटणं पुरेसं. माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो, त्याच्या विणीच्या दिवसांत, उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत, स्फोट आणि गाडे दोन्ही टाळावेत. राजस्थानात पोखरणच्या सराव क्षेत्रात माळढोक टिकून आहेत, कारण तिथं शेती आणि वर्दळ नाही. तेव्हा अशी जमीन 'साफ' करताना तिच्यावर कोण जगतंय ते आधी पाहायचं. सुरुंग-सफाईच्या आंतरराष्ट्रीय मानकांत पर्यावरणासाठी स्वतंत्र भाग आहे, ०७.१३ क्रमांकाचा. कंत्राटात त्याचा उल्लेख मागून घ्यावा.

खंदककाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पानाचा मजकूर असा करतोय :

'गाळात, शेतात, भंगारात गोल, लांबट, पंखाचा किंवा टोपीचा जड लोखंडी तुकडा दिसला तर हात लावू नका. मशीन बंद करा. आल्या वाटेनं मागं फिरा. लोकांना आडोशाला लांब न्या. मग ११२ ला कळवा. धुऊ नका, घासू नका, तोलू नका, पाण्यात टाकू नका, उन्हात ठेवू नका. गंजलेला गोळाही फुटतो.'

खाली टिपर-नोंदीचा तक्ता. सर्वेक्षण करून घेणाऱ्यांसाठी वेगळं पान : चाचणी-पट्टा, लपवलेले निपल, आकार-खोली लिहिलेला दाखला.

बुरूजावरून

'दिसला तर' च्या जोडीला 'बादलीला लागला तर' घाला. चालकाला आधी आवाज येतो, दिसतं नंतर. आणि बादली वर उचललेली असेल तर ती खाली आणायचा प्रयत्न न करता मशीन आहे तशी बंद करून उतरायचं.

टिपर_वजनकाटा

आणि हे पान फक्त मराठीत नको. चालकांत कन्नड बोलणारे पुष्कळ, भंगाराच्या धंद्यात आणि पूर्व भागात तेलुगू.

माळावरची_संध्या

कन्नड मजकूर मी करून देते, उद्या रात्रीपर्यंत इथंच टाकते. 'तोलू नका' ला अक्कलकोटकडं बोलतात तोच शब्द घेईन. तेलुगूसाठी कुणी आहे का?

हुटगी_नाका

मी हाय की. पाठवा.